चोपडी कोणाच्या हातात? माढ्याच्या बाजाराची दीडशे वर्षे

१/२४
१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी आसपासच्या शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दारात येऊन उभा राहिला. त्या दिवशी धान्याची दुकाने लुटली गेली, काही घरांना आगीही लागल्या. पण जमावाची पहिली मागणी होती ती वह्यांची आणि कर्जरोख्यांची. हाती लागतील तेवढे कागद भररस्त्यात जाळण्यात आले. इतिहासात ही घटना ‘दख्खनचे दंगे’ या नावाने ओळखली जाते.

२/२४
या आगीचा आज सोलापूर जिल्ह्यातील माढ्याच्या किराणा दुकानात चिकटवलेल्या क्यूआर कोडशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच: व्यवहाराची नोंद कोण करतो, ती कोणाला वाचता येते आणि तिची प्रत कोणाकडे राहते? या थ्रेडमध्ये माढा तालुका आणि त्याच्या परिसराच्या आधारे या प्रश्नाचा माग घेऊ.

३/२४
प्रथम भूगोल. माढा तालुका भीमा आणि सीना या नद्यांच्या दुआबात वसलेला आहे. पाऊस बेभरवशाचा, मुख्य पीक ज्वारी. माढा गावातील भुईकोट निंबाळकरांच्या जहागिरीच्या काळाची आठवण देतो. अवर्षणप्रवण मुलखात शेतकऱ्याला दोन सुगींमधला काळ उधारीवर काढावा लागे. त्यामुळे सावकार आणि त्याची चोपडी ही गावाच्या अर्थव्यवहाराची मुख्य संस्था ठरली.

४/२४
ही व्यवस्था मागासलेली होती, असे समजण्याचे कारण नाही. व्यापाऱ्यांची हुंडी हे अत्यंत कार्यक्षम साधन होते. एका पेठेत पैसे भरावेत आणि शेकडो कोसांवरच्या दुसऱ्या पेठेत हुंडी दाखवून रक्कम घ्यावी. वाटेत नाणी वाहून नेण्याची जोखीम नाही. दर्शनी हुंडी दाखवताच, मुदती हुंडी ठरलेल्या दिवशी वटे. रोकड न हलवता पैसा हलवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही.

५/२४
मात्र या जाळ्यात शेतकरी कुठेच नव्हता. कीर्द आणि खतावणी सावकाराच्या घरी. लेखन मोडीत, काही वेळा गुजराती किंवा महाजनी लिपीत. कुळाने खताखाली अंगठा उठवायचा किंवा नांगराची निशाणी करायची. फेडीची पावती मिळेलच याची शाश्वती नाही. वही एकच, आणि ती ज्याच्याकडे आहे त्याचाच शब्द अखेरचा.

६/२४
वसाहतकालीन न्यायालयांनी या वहीला नवे बळ दिले. पूर्वी गावपंचायतीत तडजोड होई. आता सही केलेला कागद हाच पुरावा ठरला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू होता कर्जदाराचे संरक्षण. घडले उलटे. दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिसळून नवे खत लिहून घेतले जाऊ लागले. नियम बदलला, पण लेखणी बदलली नाही.

७/२४
नेमक्या याच वर्षांत माढ्याच्या परिसरात त्या काळचे सर्वांत मोठे तंत्रज्ञान पोहोचले. १८५९-६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग पुण्याहून सोलापूरच्या दिशेने पुढे सरकला. बार्शीच्या व्यापारासाठी उभारलेल्या स्थानकाला नाव मिळाले ‘बार्शी रोड’. हीच पुढची कुर्डुवाडी, आज माढा तालुक्यातील मोठी बाजारपेठ आणि जंक्शन.

८/२४
लोहमार्गाबरोबर तारायंत्रही आले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस थांबला आणि मुंबईमार्गे जाणाऱ्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईची तेजी-मंदी आता तारेने पेठेपर्यंत पोहोचू लागली होती. पण ती पोहोचे व्यापाऱ्याच्या गादीपर्यंत. शेतकऱ्याला ती कळे, माल विकून झाल्यानंतर.

९/२४
म्हणजे माहिती वेगवान झाली, पण सर्वांसाठी सारख्या प्रमाणात नव्हे. तारेचे शुल्क शब्दांवर. म्हणून व्यापारी सांकेतिक शब्द वापरत. त्यामुळे खर्च वाचे आणि गुप्तताही राही. बाजारभाव ही आता एक बंदिस्त मालमत्ता झाली. तेजीच्या काळात सढळ हाताने दिलेले कर्ज मंदी येताच आखडले गेले, सारा मात्र वाढत राहिला. १८७५ च्या आगीमागे हे सारे होते.

१०/२४
दंग्यांचा जोर पुणे आणि नगर जिल्ह्यांत होता. पण त्यांनंतर आलेला १८७९ चा ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ पुणे, नगर, सातारा आणि सोलापूर या चारही जिल्ह्यांना लागू झाला. माढाही त्यात आला. हा कायदा नोंदीच्या इतिहासात मोलाचा आहे. खताची नोंद ग्रामनिबंधकासमोर व्हावी, फेडीची लेखी पावती मिळावी, वर्षाचा हिशेब मिळावा, मागितल्यास पासबुक मिळावे अशा तरतुदी त्यात होत्या.

११/२४
थोडक्यात, नोंदीची दुसरी प्रत कर्जदाराच्या हाती द्यावी, हा त्यामागचा विचार. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायदेकर्त्यांना रोगाचे निदान बरोबर झाले होते. पळवाटाही लवकरच निघाल्या: गहाणखताऐवजी दिखाऊ विक्रीखत लिहून घेण्याची प्रथा बोकाळली. ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्याच्या हातात प्रत देऊनही ती अर्धीच राहते, हा धडा इथे मिळाला.

१२/२४
दरम्यान तंत्रज्ञान पुढे जातच होते. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे धावू लागली. अवघी अडीच फूट रुंदीची ही अरुंदमापी गाडी बार्शी रोडहून बार्शीला जाई. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचली. कमी भांडवलात दुर्गम मुलूख जोडण्याचा तो जगभर अभ्यासला गेलेला प्रयोग होता. माल हलू लागला. आता प्रश्न उरला तो मालाच्या भावाचा.

१३/२४
भाव ठरे कसा? अनेक पेठांत अडत्या आणि खरेदीदार उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी सौदा करीत. माल शेतकऱ्याचा, पण आकडा त्याला दिसत नसे. वजन तोलार करणार, त्यातून कडता वजा होणार, हमाली-तोलाई कापून पट्टी हातात पडणार. १८८६ मध्ये वऱ्हाडातील कारंजा येथे नियंत्रित बाजार सुरू झाला. मुंबई इलाख्यात कापूस बाजाराचा कायदा १९२७ मध्ये आला, तर महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न बाजार समिती कायदा १९६३ मध्ये.

१४/२४
उपरण्याखालचा भाव उघड लिलावात आणणे हे या कायद्यांचे मोठे काम. त्यासाठी कोणतेही यंत्र लागले नाही. लागला तो नियम. पारदर्शकता यंत्राने येते असा आजचा समज आहे. बाजार समित्यांचा इतिहास सांगतो की आधी आकडा उघडा करण्याची सक्ती येते, आणि मग यंत्राला अर्थ प्राप्त होतो.

१५/२४
माढ्याचे अर्थकारण खऱ्या अर्थाने पालटले ते भीमेच्या पाण्याने. तालुक्यातील उजनी गावाजवळचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि ज्वारीच्या मुलखात ऊस उभा राहिला. आज सोलापूर हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. पिंपळनेरचा विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखाना याच तालुक्यात आहे.

१६/२४
उसाचा लिलाव होत नाही. म्हणून इथे सारी भिस्त नोंदीवर: लागणीची तारीख, तोडणीचा क्रम, काट्यावरचे वजन, बिलाची रक्कम. नोंद एक महिना मागे पडली तर ऊस वाळतो, वजन घटते. ‘काटामारी’ हा शब्द ऊसपट्ट्यातील लहान मुलालाही ठाऊक असतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन घातले. पण ते चौदा दिवस मोजायचे कुठून, हेही पुन्हा नोंदच सांगणार.

१७/२४
या नोंदीचे संगणकीकरण करण्याचा देशभर गाजलेला प्रयोग महाराष्ट्रातच झाला. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरात सुमारे ७० गावे संगणक केंद्रांनी जोडण्याचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प हाती घेण्यात आला. केंद्रातून शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीसल्ला, शासकीय योजना असे सारे जग दिसेल, अशी अपेक्षा होती.

१८/२४
काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधकांनी तिथे अभ्यास केला. केंद्रे वापरली जात होती, पण मुख्यतः उसाची तोड, वजन आणि खताचा हिशेब एवढ्यासाठीच. मग त्यांनी काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या लघुसंदेशावर तीच माहिती देऊन पाहिली. काम कमी खर्चात झाले. शेतकऱ्याला ‘सारे जग’ नंतर चालणार होते. आधी त्याला स्वतःच्या उसाची नोंद हवी होती.

१९/२४
माहिती हाती आली की किती फरक पडतो, याचे उत्तम उदाहरण केरळचे. १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाईल सेवा आली. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांच्या अभ्यासानुसार मच्छीमार समुद्रातूनच भाव विचारून योग्य बंदराकडे होडी वळवू लागले. त्यांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला, ग्राहकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. मात्र लक्षात घ्यावे: त्यांच्याकडे होडी वळवण्याची मुभा होती.

२०/२४
ती मुभा नसेल तर? फेब्रुवारी २०२३ मध्ये माढ्याशेजारच्या बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता उरले २ रुपये ४९ पैसे. हाती पडला दोन रुपयांचा, तोही पुढील तारखेचा धनादेश. पावती-धनादेशाची पद्धत संगणकीकृत असल्याने तारीख तशी पडली, असे व्यापाऱ्याने सांगितले. हिशेब पैशापर्यंत अचूक होता. कांदा परत घरी नेण्याची सोय मात्र त्या हिशेबात नव्हती.

२१/२४
आता क्यूआर कोड. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांनी तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. कंपनीने तो वापरास खुला ठेवला. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी हाच चौकोन पाठ्यपुस्तकांत आणला आणि पुस्तकातील धडा पालकांच्या मोबाईलवर ऐकू-दिसू लागला. २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ त्यांना मिळाला. १० लाख डॉलरच्या त्या पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी उर्वरित नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली.

२२/२४
दुकानांत तो चौकोन आला तो एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यानंतर आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीनंतर. नोंदीच्या इतिहासात ही मोठी घटना आहे. सावकाराची वही एकप्रती होती. इथे पैसे देणारा आणि घेणारा दोघांनाही त्याच क्षणी प्रत मिळते. गल्ल्यावरची डबी रक्कम मराठीत उच्चारते, म्हणजे अक्षरशत्रूलाही नोंद ‘ऐकता’ येते. १८७९ च्या कायद्याला जे साधले नाही, त्यातले बरेच इथे साधले. पण एक तिसरी प्रतही असते: बँकेकडे आणि ॲप चालवणाऱ्या कंपनीकडे.

२३/२४
त्या तिसऱ्या प्रतीची धग जुलै २०२५ मध्ये बंगळुरूत दिसली. यूपीआयच्या नोंदींवरून जीएसटीच्या नोटिसा येताच अनेक छोट्या दुकानदारांनी क्यूआर काढून ‘फक्त रोख’ असे फलक लावले. वही जाळण्याचे हे सौम्य रूपच म्हणावे लागेल. त्याच नोंदीचा उपयोग दुकानदाराला बिनतारण कर्ज मिळवण्यासाठीही होऊ शकतो. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली ‘अकाउंट ॲग्रिगेटर’ व्यवस्था खातेदाराच्या संमतीनेच त्याची माहिती कर्ज देणाऱ्याकडे पोहोचवते. ऑगस्ट २०२१ च्या ‘ई-पीक पाहणी’त सातबाऱ्यावरचे पीक शेतकरी स्वतः नोंदवतो; २०२२ पासून उसाची नोंदही साखर आयुक्तालयाच्या ‘महा-ऊस नोंदणी’ ॲपवर करता येते. लेखणी थोडी थोडी सरकते आहे.

२४/२४
म्हणून माढ्याच्या पेठेत उद्या कोणतेही नवे साधन आले, तरी तीन प्रश्न विचारावेत. नोंदीची प्रत आपल्याकडे राहते का? ती आपल्या भाषेत कळते का? ती चुकीची असेल तर दाद कुठे मागायची? तार, रेल्वे, संगणक, मोबाईल या प्रत्येकाने व्यापार वेगवान केला. पण लाभ कोणाला झाला, हे याच तीन उत्तरांनी ठरवले. आणि एक विनंती: आपल्या घरी जुनी मोडी चोपडी, कर्जरोखा, आडतीची पट्टी किंवा काटा पावती असेल, तर ती रद्दीत देऊ नका. सुप्यात जे कागद जळले ते पुन्हा वाचता येणार नाहीत. जे उरले आहेत, ते वाचणे आपल्या हाती आहे.